न बोलणारा सर्व्हर

माझा नवरा नेमकं काय काम करतो, हे मिरजेच्या माझ्या माणसांना मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. कंप्युटरमध्ये आहे म्हटलं की ती समाधानाने मान डोलावतात आणि विषय दुसरीकडे वळतो. खरं तर श्रीरंग लोकांच्या टपालाची राखण करतो. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधली एक छोटी कंपनी आसपासच्या कारखान्यांना, दवाखान्यांना, वकिलांना आणि काही हौशी मंडळींना मेलची सोय पुरवते, तिथे तो आहे. एखाद्या ग्राहकाचा स्वतःचा मेल सर्व्हर बंद पडला, की त्याच्या नावाने येणारे मेल या कंपनीच्या राखीव सर्व्हरवर येऊन थांबतात. ग्राहकाचं मशीन परत सुरू झालं की राखीव सर्व्हर साठलेलं सगळं त्याच्या हवाली करतो. शेजारी परगावी असताना त्यांचं पार्सल आपण घेऊन ठेवतो, तसलाच प्रकार.

पण पार्सलांच्या जोडीने कचराही येतो. ही दोन हजार चार सालची गोष्ट आहे. तेव्हा मेलच्या नावाखाली जे काही वाहत होतं त्यात गोळ्या, नकली घड्याळं आणि न काढलेल्या लॉटऱ्यांची बक्षिसं हाच माल जास्त. हा माल पाठवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पुढच्या दाराला पहारा कडक असतो, मागच्या दाराशी कुणी फारसं बघत नाही. त्यामुळे ग्राहकाचं मशीन धडधाकट चालू असलं तरी हे लोक मुद्दाम राखीव सर्व्हरवर येऊन आदळायचे. त्यांना तिथे अडवणं हे श्रीरंगचं काम. टेक्निकल युनिव्हर्सिटीतली पीएचडी अर्ध्यावर सोडून त्याने हे काम धरलं, तेव्हा मी बरीच आदळआपट केली होती. तो ऐकून घेत राहिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला. श्रीरंग असाच आहे. भांडायला लागलं की समोर भिंत उभी असल्यासारखं वाटतं, आणि भिंतीशी किती वेळ भांडणार?

त्याच्या हुशारीचा एक किस्सा आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. कचरा पाठवणारे पाकिटावर स्वतःचा पत्ता थोडाच लिहितात? ते कुणाचाही पत्ता उचलून लावतात. कासेल शहरातल्या एका शिक्षिकेचा पत्ता असाच कुणीतरी उचलला. राखीव सर्व्हर बिचारा प्रामाणिक. जो मेल पोचवता येईना तो परत, जो अडकला त्याबद्दल 'तुमचा मेल अजून पोचलेला नाही' अशी सूचना, आणि हे सगळं त्या बाईंच्या नावावर. बाईंची मेलपेटी फुटायची वेळ आली. त्यांनी तक्रार केली, तशी आणखी दहा जणांनी केली, आणि कंपनीचंच नाव काळ्या यादीत गेलं. मग ग्राहकांचे खरे मेलही कुणी घेईना. मालक हेर क्लेम्ट, म्हणजे क्लेम्टसाहेब, यांचा चेहरा आठवडाभर बघवत नव्हता म्हणे.

श्रीरंगने तेव्हा शांतपणे एक गोष्ट केली. राखीव सर्व्हरने उलट टपाली काहीही पाठवायचं नाही, अशी त्याने व्यवस्था लावली. परत पाठवणं बंद, उशिराची सूचना बंद. फिल्टरला जो कचरा वाटेल तो एका बाजूच्या कप्प्यात पडून राहील, बाकीचा मुकाट्याने थांबेल. पुढे कुणाचं काय करायचं ते श्रीरंग स्वतः बघेल. महिन्याभरात काळ्या यादीतून नाव निघालं. हेर क्लेम्टनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. घरी येऊन तो म्हणाला, "आपला सर्व्हर आता उलट बोलत नाही." मला तेव्हा तो हुशारच वाटला.

भास्करकाका निमकर हे त्याच्या हौशी ग्राहकांपैकी एक. काका म्हणजे आमच्या नात्यातले नव्हेत. ते एकोणीसशे साठच्या दशकात पुण्याहून जर्मनीत आले, अँटेनांवर काम करून निवृत्त झाले आणि डार्मश्टाटबाहेरच्या एका खेड्यात स्वतःच्या घरात राहिले. आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांना घर शोधून देणं, आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, सोबत येणं, अडलेल्याला गाडीतून नेणं, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांना स्वतःच्या आडनावाचा मेल हवा होता आणि तोही स्वतःच्या घरच्या मशीनवर. श्रीरंगने ते मशीन त्यांच्या माडीवरच्या खोलीत बसवून दिलं आणि राखीव सर्व्हर आपला जोडून दिला.

शुभाकाकू गेल्यापासून काका एकटेच होते. मुलगा ध्रुव म्युनिकला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. बापलेकांचं बोलणं जवळपास संपलेलं होतं, आणि त्याचं कारणही साधं नव्हतं. काकूंच्या अस्थी काकांनी परवानगीचे सोपस्कार करून पुण्याला नेल्या आणि ध्रुवला सुट्टी मिळायची वाट न बघता नदीत सोडल्या. ध्रुव इथे जन्मलेला. त्याच्या मित्रांच्या आई-आजोबांची जागा गावच्या दफनभूमीत असते, रविवारी जाऊन फुलं ठेवता येतात. आईला भेटायला मला आता जागाच उरली नाही, असं तो काकांना म्हणाला होता. काका म्हणाले होते, नदी आहे की. फोनवर दोघांचा आवाज चढायचा, म्हणून पुढे फोन बंद झाले. वर्षातून चार-पाच मेल तेवढे चालायचे, तो जर्मनमधून लिहायचा आणि काका रोमन लिपीतल्या मराठीतून. दोघंही हट्टी होते आणि दोघांचंही खरं होतं.

काकूंची तिथी कार्तिक वद्यातली. दरवर्षी त्या सुमाराला काका पुण्याला बहिणीकडे, शैलाआत्यांकडे जायचे आणि महिना-दीड महिना राहायचे. निघताना त्यांचा एक ठरलेला रिवाज होता. गॅस तपासायचा, नळ पिळून बंद करायचे, आणि दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी तळघरात जाऊन अख्ख्या घराचा मेन स्विच पाडायचा. मिरजेला आमच्याकडेही चार दिवस गावाला जायचं तर हेच करतात. जर्मन माणसाला हे सांगितलं तर तो आपल्याकडे बघतच राहतो. मेन स्विच पाडला की माडीवरचं मशीनही बंद, आणि महिनाभराचे मेल श्रीरंगकडे. श्रीरंगला ते पाठच झालं होतं. काकांचे मेल मुदत संपली तरी टाकायचे नाहीत, ते येईपर्यंत सांभाळायचे, असं त्याने त्यांच्यापुरतं खास करून ठेवलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी त्याने ऑफिसातून फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला की काका निघालेले दिसतात, मशीन काल संध्याकाळपासून बंद आहे.

काका निघाले नव्हते. घरात कुठेतरी काहीतरी जळालं होतं, संरक्षक स्विच आपोआप पडला होता, आणि संध्याकाळच्या अंधारात तो वर करायला काका तळघराच्या पायऱ्या उतरत होते. खिडक्यांचे पडदे, ते लोखंडी पट्ट्यांचे, त्यांनी रोजच्यासारखे आधीच खाली ओढले होते. त्या पायऱ्यांच्या तळाशी ते पडले. हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी कुणालाही माहीत नव्हतं. ज्या एकाच माणसाला त्या घरातून काहीतरी चिन्ह मिळालं होतं, तो माझा नवरा होता, आणि त्याने त्या चिन्हाचा अर्थ पुणे असा लावला.

मला एक गोष्ट खटकली होती. फ्रीज बंद होणार म्हणून काका जाण्याआधी तो रिकामा करायचे आणि उरलंसुरलं आमच्याकडे आणून द्यायचे. त्यात एक वाटी विरजणाची असायची. काकूंच्या हातचं म्हणून ते विरजण त्यांनी इतकी वर्षं चालवलं होतं. "सुलेखा, हे जिवंत ठेव," असं दरवेळी सांगून जायचे, आणि मी महिनाभर दोन भांड्यांत दही लावायचे, एक आमचं आणि एक त्यांचं. यंदा विरजण आलं नाही. मी श्रीरंगला म्हटलं. तो म्हणाला, घाई झाली असेल, आपण दिवसा घरी नसतो, येऊन गेले असतील. दुसरंही एक होतं. यंदा अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढच्या सगळ्या तिथ्या उशिरा. दिवाळीसुद्धा अजून व्हायची होती. गेल्या वर्षी ते याच सुमाराला गेले होते हे खरं, पण यंदा त्यांना इतक्या लवकर जायचं कारण काय? श्रीरंग म्हणाला की म्हातारं माणूस आहे, दिवाळी बहिणीकडे करावीशी वाटली असेल. ते पटण्यासारखं होतं. मी तरी काकांच्या घरी फोन लावला. तो वाजत राहिला. रिकाम्या घरातला फोन वाजतच राहतो, म्हणून मी ठेवून दिला.

मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम फ्रँकफर्टला एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दरवर्षी चहाचं मोठं पातेलं काकांच्या ताब्यात असायचं, त्याला कुणी हात लावला तर ते चिडायचे. यंदा चहा आमच्यातल्याच ऊर्मिलाने केला आणि तो पाणचट झाला. काका कुठे, असं मी तिथे विचारलं, तर मधू म्हणाला की ते पुण्याला गेलेत ना. मधू बँकेत नोकरीला, काकांचा जुना लाडका. श्रीरंगने माझ्याकडे असं बघितलं, की बघ, मधूलाही माहीत आहे. माझंही मन स्वस्थ झालं. मधूला ते कुणी सांगितलं होतं? श्रीरंगनेच, मागच्या आठवड्यात, काकांची गाडी मिळेल का असं मधू विचारत होता तेव्हा. मधूने ते चार जणांना सांगितलं, आणि श्रीरंगच्या अंदाजाची त्या हॉलमध्ये बातमी होऊन बसली.  आम्ही चकल्या खात उभे होतो आणि एका माणसाला अख्ख्या गावाने मिळून पुण्याला पाठवून दिलं होतं.

शेजाऱ्यांचंही तेच. अंधारं घर, खाली ओढलेले पडदे. हेर निमकर नोव्हेंबरात भारतात जातात हे त्या गल्लीला पाठ होतं.

इकडे श्रीरंगच्या कंप्युटरच्या पडद्यावर काकांच्या नावाचे मेल साठत होते. मेलच्या आत डोकावायला जर्मन कायद्याने सक्त मनाई, आणि श्रीरंग त्या बाबतीत सोवळा. त्याला फक्त पाकीट दिसायचं, कुणाकडून आलं आणि केव्हा आलं. पहिल्याच दिवशी, मशीन बंद पडल्याच्या दुसऱ्या सकाळी, ध्रुवचा एक मेल आलेला होता. चार दिवसांनी आणखी एक आला. मग एक फिल्टरने कचरा म्हणून बाजूला टाकला. फिल्टरने कारण दिलं होतं, विमानाच्या तिकिटांची जाहिरात असावी. पाठवणारा ध्रुव आहे हे बघून श्रीरंगने तो हाताने बाहेर काढला, चांगल्या मेलांत ठेवला आणि ध्रुवचा पत्ता कायमचा बिनधोक म्हणून नोंदवून टाकला. त्या संध्याकाळी तो खुशीत होता. बापलेकांचं जमतंय असं दिसतंय, काका परत आले की मुलाचे सगळे मेल त्यांना एकदम मिळतील, एकही हरवणार नाही, असं तो म्हणाला. मीही म्हटलं, चांगलं झालं. मग ध्रुवचा आणखी एक आला. त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही. श्रीरंगचा तर्क तयार होता. आता काका पुण्याहून त्याच्याशी फोनवरच बोलत असतील.

त्या मेलांत काय होतं ते आम्हाला नंतर ध्रुवनेच सांगितलं. पहिल्यात त्याने लिहिलं होतं की यंदा मलाही तुमच्याबरोबर यायचंय, आईची तारीख मला काढता येत नाही, तेवढी कळवा. दुसऱ्यात, उत्तर आलं नाही म्हणून परत तेच. तिसऱ्यात विमानाच्या दोन-तीन पर्यायांचे दुवे होते, तुम्हाला कुठलं सोयीचं आहे ते सांगा, मी तिकीट काढतो. चौथा मेल रागाचा होता. मेल पोचत नसता तर परत आला असता, हे त्याच्यासारख्या इंजिनिअरला ठाऊक होतंच. परत येत नाही म्हणजे पोचतोय, पोचतोय म्हणजे बाबा वाचतायत, आणि वाचून उत्तर देत नाहीत. तुम्हाला मी तिथे नको असेन तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर मी आता पुन्हा विचारणार नाही, असं त्याने लिहिलं आणि तो गप्प बसला.

पण राग ओसरल्यावर त्याने ठरवलं की आपण एकट्याने जाऊ. तारीख तर हवीच होती. म्हणून एका शनिवारी सकाळी त्याने पुण्याला शैलाआत्यांना फोन केला. आत्यांनी तारीख सांगितली आणि विचारलं की भास्कर केव्हा निघतोय, त्याचं काहीच कळवणं नाही. ध्रुवने गाडी काढली.

तो शनिवार मला पुसता येत नाही. दुपारची जेवणं झाली होती, मी भांडी आवरत होते आणि श्रीरंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून सर्व्हरची रोजची पाहणी करत होता. एकदम तो हसला. काकांचं मशीन सुरू झालं होतं. साठलेले मेल भराभर निघाले होते, ओळीमागून ओळ रिकामी होत होती. काका परत आले, आणि इतक्या लवकर, असं म्हणत त्याने तिथूनच फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

फोन उचलला गेला. श्रीरंग म्हणाला, "काका, आलात का? मेन स्विच चालू केलात वाटतं."

पलीकडून जर्मनमधून उत्तर आलं, स्विच मी चालू केला, मी ध्रुव बोलतोय.

श्रीरंगला आणखीच आनंद झाला. बापलेक एकत्र आले असं त्याला वाटलं. काका कुठे आहेत, असं त्याने विचारलं. ध्रुवला मराठी समजायची, पण बोलायचा तो क्वचितच. त्या दिवशी तो मराठीतून बोलला, लहान मुलासारखं, तळघराचा शब्द तेवढा जर्मन. "बाबा केलरमध्ये आहेत."

"मग त्यांना सांग, टपाल सगळं पोचतंय," श्रीरंग म्हणाला.

माझ्या हातात ओलं पातेलं होतं. ध्रुवच्या आवाजावरून मला काहीतरी विपरीत वाटलं, पण श्रीरंग हसतच होता आणि मला त्याला थांबवता आलं नाही.  मग ध्रुवने जर्मनमधून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की बाबा गेलेत, बरेच दिवस झाले असावेत, पोलीस आणि डॉक्टर येतायत, आणि माडीवर मशीन मघापासून मेल आल्याची घंटी वाजवतंय, ती बंद कशी करायची ते मला माहीत नाही.

आम्ही टॅक्सी करून गेलो. ध्रुव दारातच पायरीवर बसला होता, कोट न घालता. घर आतून बाहेरच्यापेक्षा गार होतं. श्रीरंग माडीवर गेला आणि ती घंटी बंद करून खाली आला. त्याला गप्प राहता आलं असतं. हेर क्लेम्टनी नंतर त्याला सुनावलंसुद्धा, की ग्राहकांच्या घरच्यांना आपली आतली व्यवस्था सांगायची काही गरज नव्हती. पण ध्रुवने विचारलं, माझे मेल परत का आले नाहीत, आणि श्रीरंगने त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. कचरा, खोटे पत्ते, कासेलच्या बाई, उलट न बोलणारा सर्व्हर, मेन स्विच, पुणे. तिकिटांचा मेल आपण हाताने बाहेर काढला तेही सांगितलं. मी त्याचा हात धरला होता.

ध्रुव ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "एक जरी मेल परत आला असता, तर मी त्याच दिवशी गाडीत बसलो असतो."

अंत्यसंस्कार डार्मश्टाटलाच झाले. फ्रँकफर्टचे सगळे आले होते. मधू एका कोपऱ्यात उभा राहून रडत होता, कारण त्यानेही चार जणांना सांगितलं होतं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ध्रुव आमच्याकडे आला. काकांनाही तो त्याच नदीत सोडणार होता. आईजवळ, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी त्याला स्वयंपाकघरात एकटा गाठून विचारलं. त्याने सांगितलं. काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यांना उठता आलं नाही. ते लगेच गेले नाहीत. पायऱ्यांखाली टांगलेले जुने कोट ओढून त्यांनी अंगावर घेतले होते. दोन दिवस तरी ते होते, कदाचित जास्त. शेवटी थंडीने गेले. हे श्रीरंगला सांगू नका, असं ध्रुव जाताना म्हणाला. इतकं झाल्यावरही तो असं म्हणाला, म्हणून मला तो फार मोठा वाटतो.

ध्रुव गेल्यावर श्रीरंगने मला विचारलं. काका पडल्या पडल्या गेले ना?

मला खोटं बोलता आलं असतं. कुठलीही बायको हेच खोटं बोलली असती आणि कुणी तिला नावं ठेवली नसती. पण त्या महिन्यात सगळ्यांनीच एकमेकांच्या भल्यासाठी काही ना काही अडवून धरलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं, "नाही. ध्रुवचा पहिला मेल तुझ्याकडे आला, तेव्हा ते जिवंत होते."

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याला कळलाही नसावा. तो उठला, बूट घातले आणि ऑफिसला गेला. रविवारी तिथे कुणी नव्हतं. कुणालाही न विचारता त्याने राखीव सर्व्हरच्या सूचना पुन्हा सुरू केल्या. मेल काही तास अडकला तर पाठवणाऱ्याला कळवायचं, पोचवता आला नाही तर परत द्यायचा, आणि कचरा असेल तर आत न घेता दारातच नाकारायचा.

हेर क्लेम्टशी त्याचं वाजलं. उलट गेलेल्या सूचनांमुळे पुन्हा तक्रारी यायला लागल्या, त्यांतली प्रत्येक शिवी त्याच्याच नावाने यायची. नोकरी जाते की काय असं वाटत होतं, पण गेली नाही. कारण ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. पुढे वर्षभर खपून, खोट्या पत्त्यांचे मेल दारातच ओळखायचे उपाय त्याने शोधले, तेव्हा तक्रारी कमी झाल्या.

एक गोष्ट मात्र कमी झाली नाही. कुठल्याही ग्राहकाचं मशीन गप्प झालं, की श्रीरंग थांबत नाही, फोन करतो. वकिलाला करतो, दाताच्या डॉक्टरला करतो, घरात मशीन ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांना तर करतोच. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याचा नंबर शोधतो. लोक वैतागतात. आम्ही सुट्टीवर आहोत, तुम्हाला काय करायचंय, असं त्याला खडसावतात. परवा एक बाई इतक्या जोरात ओरडत होत्या की मला शेजारच्या खोलीत ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं की कशाला रोज लोकांच्या शिव्या खातोस.

"कुणी चिडून ओरडलं की मला बरं वाटतं," तो म्हणाला आणि पुढचा नंबर फिरवायला लागला.